स्मार्टफोनचे आयुर्मान : व्यापारी दृष्टीने एक अभ्यास

वस्तू झिजली म्हणून बदलणे आणि वस्तू जुनी वाटली म्हणून बदलणे या दोन निरनिराळ्या क्रिया होत. हिशेबी माणसाने त्या एकाच खात्यावर मांडू नयेत. तराजूचा काटा झिजला तर तो बदलावाच लागतो, तेथे विचाराला जागा नसते. उलट शेजारच्या दुकानाची पाटी नव्याने रंगविली गेली की आपली पाटी जुनी दिसू लागते. पाटीत मात्र काही बिघडलेले नसते. स्मार्टफोनचे प्रकरण या दोहोंच्या मध्ये पडते. तो क्वचितच झिजून निकामी होतो, आणि निव्वळ हौसेखातर तो टाकणारेही समजतो तितके नसतात. तो केव्हा बदलला जाईल हे ठरविणारी कारणे पुष्कळदा फोनच्या बाहेर असतात आणि ग्राहकास ती पुरती दिसत नाहीत. म्हणूनच एकाच घरात कोणी दहा महिन्यांत फोन बदलतो, तर कोणी सात वर्षे तोच ओढीत राहतो. या दोन्ही टोकांना पैसा वाया जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे; पहिल्या टोकाला तो उघड जातो आणि दुसऱ्या टोकाला नकळत.

प्रथम थोडा इतिहास. भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून बोलले आणि दिल्लीहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांनी ते ऐकले. पुढील दहा-बारा वर्षे मोबाइल म्हणजे बोलण्याचे यंत्र, एवढाच अर्थ होता. २००३ साली आलेला आणि माथ्यावर छोटी विजेरी असलेला नोकिया ११०० हा संच आपल्यापैकी पुष्कळांच्या हाती खेळलेला आहे. त्याची बॅटरी मागचे झाकण सरकवून नखाने काढता येई आणि नवी बॅटरी गल्लीच्या तोंडाशी मिळे. बोलणे आणि संदेश धाडणे यांखेरीज त्याने काही करावे अशी अपेक्षाच नव्हती. त्यामुळे तो मागे पडण्याचाही प्रश्न नव्हता. हरवला, फुटला किंवा पाण्यात पडला तरच बदलावयाचा, असा सरळ नियम होता.

२००७ च्या जून महिन्यात अमेरिकेत ॲपल कंपनीचा आयफोन विक्रीस आला आणि पुढच्याच वर्षी गुगलच्या अँड्रॉइड कार्यप्रणालीवर चालणारा पहिला फोन बाजारात उतरला. येथून फोन हा खिशातला संगणक झाला. त्याची बॅटरी आत बंद झाली, त्याचे सॉफ्टवेअर दरमहा बदलू लागले, आणि त्याचे आयुष्य त्याच्या कवचाच्या मजबुतीवर अवलंबून राहिले नाही.

लोक फोन किती दिवसांनी बदलतात, या प्रश्नाचे सर्वांत बोधप्रद उत्तर अमेरिकेच्या बाजारात मिळते. तेथे बराच काळ दोन वर्षे हा जणू ठरलेला काळ होता. नवलाईचा हव्यास हे त्याचे कारण सांगितले जाई. परंतु खरे कारण करारपत्रात होते. २००८ साली आयफोनचा दुसरा अवतार तेथे १९९ डॉलरला मिळत असे. त्याची खरी किंमत याहून पुष्कळ अधिक होती. उरलेली रक्कम सेवा पुरविणारी कंपनी सोशी आणि त्याच्या बदल्यात ग्राहकाकडून दोन वर्षांचा करार लिहून घेई. दरमहाच्या आकारातून ती रक्कम हळूहळू वसूल होई. यातील मौज अशी की, दोन वर्षे संपल्यावर ग्राहकाने जुनाच फोन चालू ठेवला तरी मासिक आकार कमी होत नसे. म्हणजे फोन न बदलणारा मनुष्य न घेतलेल्या मालाचे पैसे भरीत राही. अशा स्थितीत दर दोन वर्षांनी फोन बदलणे यालाच शहाणपण म्हणावे लागते. मार्च २०१३ मध्ये टी-मोबाइल या कंपनीने फोनची किंमत आणि सेवेचा आकार वेगळे केले; २०१६ च्या सुमारास इतर मोठ्या कंपन्यांनीही जुनी पद्धत जवळजवळ बंद केली. किंमत वेगळी दिसू लागताच ग्राहकांनी फोन अधिक काळ वापरावयास आरंभ केला. माणसे तीच होती, हौसही तीच होती. बिलाची मांडणी तेवढी बदलली होती.

आपल्याकडे फोन आणि सिमकार्ड ही प्रथमपासूनच बहुधा वेगवेगळी घेतली जातात आणि बहुसंख्य ग्राहक आगाऊ पैसे भरून सेवा घेतात. त्यामुळे अमेरिकेसारखा ठरीव काळ येथे कधीच नव्हता. येथे फोन बदलला जातो तो लाटांनी. सर्वांत मोठी लाट ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली तेव्हा आली. हे जाळे केवळ चौथ्या पिढीचे होते. दुसऱ्या वा तिसऱ्या पिढीचा फोन त्यावर चालतच नसे. ३१ मार्च २०१७ पर्यंत इंटरनेट जवळजवळ फुकट होते, आणि ते घेण्यासाठी नवा फोन हवा होता. चांगले चालणारे असंख्य फोन तेव्हा एकाएकी निरुपयोगी ठरले. त्या वेळी बदल करणाऱ्यांना दोष देता येणार नाही. त्यांच्या पदरात खरोखरीच नवी सोय पडली. १ ऑक्टोबर २०२२ रोजी पाचव्या पिढीची सेवा सुरू झाली. तिच्यासाठी मात्र चालता फोन टाकण्याचे कारण, निदान दुकानदारास तरी, फारसे नव्हते. पैसे आल्याचा संदेश, मालाचे छायाचित्र आणि कराचे विवरण चौथ्या पिढीवरही तितक्याच सुखाने जाते-येते. दोन लाटांतील हा भेद जाहिरातीत दिसत नाही.

याखेरीज सणांच्या लाटा असतात. दसरा-दिवाळी हा आपल्याकडे खरेदीचा काळ पूर्वीपासूनच. ऑक्टोबर २०१४ मध्ये फ्लिपकार्टने ‘बिग बिलियन डे’ सुरू केल्यापासून तो इंटरनेटवरील विक्रीचाही झाला. हप्त्यांच्या योजनेविषयी पुढे लिहिले आहे.

आता फोनच्या पोटात शिरू. फोन मंद झाला अशी तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकाच्या फोनमध्ये पुष्कळदा एकच वस्तू म्हातारी झालेली असते, आणि ती म्हणजे बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिच्यामागील संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी भरताना आणि रिकामी होताना लिथियमचे कण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात. प्रत्येक फेरीत त्यांतील काही कण वाटेतल्या थरात अडकून राहतात आणि परत कामास येत नाहीत. एका पूर्ण भरण्या-रिकामे होण्याला एक फेरी धरली, तर सुमारे ५०० फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के क्षमता उरावी, हे पुष्कळ काळ सर्वसाधारण मान होते. अलीकडील काही फोनांत ते १,००० फेऱ्यांपर्यंत गेले आहे. रोज एक फेरी होते असे मानल्यास ५०० फेऱ्या दीड वर्षात संपतात. उष्णता ही या बॅटरीची मोठी वैरीण. वैशाखात पत्र्याखालच्या दुकानात, उन्हाच्या तिरिपेत, शंभर टक्के भरलेला फोन दिवसभर तारेला जोडून ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य आपल्या हाताने तोडणे होय.

बॅटरी थकली की फोन मंद का व्हावा, याचा उलगडा एका प्रसिद्ध प्रकरणाने झाला आणि व्यापाऱ्याने ते बारकाईने वाचण्याजोगे आहे. थकलेली बॅटरी एकदम जास्त वीज पुरवू शकत नाही; फोनने जोराचे काम काढले की तो अकस्मात बंद पडतो. हे टाळण्यासाठी ॲपलने २०१७ च्या आरंभी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये अशी योजना केली की, बॅटरी थकली असल्यास फोनचा वेगच कमी व्हावा. अभियंत्याच्या दृष्टीने ही योजना गैर नव्हती. परंतु ती ग्राहकास स्पष्टपणे सांगितली गेली नाही. ग्राहकाला एवढेच दिसले की आपला फोन रांगतो आहे, आणि नवा घेण्याची वेळ आली आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ही गोष्ट उघड झाली. कंपनीने क्षमा मागितली आणि २०१८ या वर्षापुरती बॅटरी बदलण्याची किंमत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणली. पुढे २०२० मध्ये फ्रान्सच्या ग्राहक-संरक्षण खात्याने तिला २ कोटी ५० लाख युरोंचा दंड केला, आणि अमेरिकेतील दाव्यात तिने ५० कोटी डॉलरपर्यंत रक्कम देण्याची तडजोड मान्य केली.

या प्रकरणातील खरा धडा मात्र दंडात नाही. २ जानेवारी २०१९ रोजी ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी भागधारकांस एक पत्र लिहिले. त्या तिमाहीत ८,९०० ते ९,३०० कोटी डॉलरचा महसूल अपेक्षिला होता, तो ८,४०० कोटींच्या आसपासच होईल, असे त्यांनी कळविले. चीनमधील मंदी हे त्यांनी सांगितलेले प्रमुख कारण. परंतु लोक फोन का बदलीत नाहीत याचीही काही कारणे त्यांनी नमूद केली. सेवा-कंपन्यांच्या सवलती कमी झाल्या हे एक, डॉलर महाग झाल्यामुळे परदेशांत किंमत वाढली हे दुसरे, आणि ग्राहकांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतली हे तिसरे. जगातील एक बलाढ्य कंपनी आपल्याच लेखणीने लिहून देते की, २९ डॉलरच्या दुरुस्तीने ग्राहकाची नव्या फोनची गरज लांबणीवर पडली. बॅटरी बदलण्याच्या लाभाचा याहून बळकट पुरावा दुसरा कोणता हवा? आपल्या शहरात उत्तम बॅटरी बसविण्याचा खर्च नव्या फोनच्या मानाने बहुधा दशांशाच्या आसपास असतो. तेव्हा फोन मंद झाला अशी भावना होताच प्रथम बॅटरीची क्षमता तपासून घ्यावी. पुष्कळ फोनांत ‘सेटिंग्ज’मध्ये बॅटरीच्या सदराखाली ती पाहता येते.

कारखानदार मुद्दामच वस्तूचे आयुष्य कमी करतात, असा आरोप सर्रास केला जातो. त्याला आधार नाही असे नव्हे. १९२४ साली जिनिव्हा येथे विजेच्या दिव्यांच्या बड्या कारखानदारांनी एक संघ केला आणि दिवा १,००० तासांपेक्षा अधिक जळू नये असा नियम घातला. अधिक टिकाऊ दिवा करणाऱ्या सभासदास दंड होत असे. परंतु दिवा कराराने विझत होता आणि बॅटरी रसायनाने थकते, हा भेद ध्यानात ठेवावा. फोनच्या बाबतीत कारखानदाराचा दोष बॅटरी मरते यात नाही. ती बदलणे त्याने अवघड व महाग केले यात आहे.

मंदपणाचे दुसरे कारण थोडे हास्यास्पद आहे. २०१८ च्या आरंभी असे प्रसिद्ध झाले की, भारतातील फोन एवढ्या झपाट्याने का भरतात याचा शोध गुगलच्या तज्ज्ञांनी घेतला, तेव्हा त्यांना लक्षावधी ‘सुप्रभात’ची चित्रे आढळली. सूर्य, फुले, समईच्या ज्योती आणि खाली सुविचार. आपल्या समाजातील ज्येष्ठ मंडळींचा या कामी मोठा हातभार आहे, हे नम्रपणे नमूद करावेसे वाटते. फोनची साठवण काठोकाठ भरली की तोही अडखळतो. तासभर बसून कचरा काढला तर काही हजारांची खरेदी वाचते.

येथवरची कारणे टाळता येण्यासारखी आहेत. एक कारण मात्र टाळता येत नाही, आणि नेमके तेच फोनच्या दर्शनी रूपावर उमटत नाही. ते म्हणजे सॉफ्टवेअरची मुदत. फोनच्या कार्यप्रणालीत वरचेवर छिद्रे सापडतात आणि त्यांतून भामटे आत शिरू शकतात. ही छिद्रे बुजविण्यासाठी ऑगस्ट २०१५ पासून गुगलने दरमहा सुरक्षा-सुधारणा काढण्यास प्रारंभ केला. परंतु ती सुधारणा आपल्या फोनपर्यंत पोचविणे हे त्या फोनच्या कारखानदाराचे काम. आणि तो ते काही ठराविक वर्षेच करतो. स्वस्त फोनांत ही मुदत पुष्कळदा दोन-तीन वर्षांचीच असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने आपल्या पिक्सेल ८ या फोनला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस-२४ या फोनला सात वर्षांचे वचन दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस सॅमसंगने ए-१६ या माफक किमतीच्या फोनलाही सहा वर्षांचे दिले. मुदत संपलेला फोन बंद पडत नाही; पडदा तसाच उजळतो, हाक तशीच लागते. औषधाची मुदत संपली तरी गोळीचा रंग पालटत नाही, तसेच हे आहे. पुढे केव्हा तरी एकेक उपयोजनही साथ सोडते. विंडोज प्रणालीच्या फोनांवरील व्हॉट्सॲप ३१ डिसेंबर २०१९ नंतर बंद झाले. २०१४ साली आलेल्या आयफोन ६ वर ते ५ मे २०२५ पासून चालेनासे झाले.

आता आपल्या घरांत काय चालते ते पाहा. नवा फोन बहुधा कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला येतो. त्याचा उतरलेला फोन आईकडे जातो, आईचा आजोबांकडे, आणि ज्याला कोणीच वाली उरत नाही तो फोन दुकानाच्या गल्ल्यावर येऊन बसतो. ‘एवढे यूपीआयचे पैसे आलेले दिसले म्हणजे झाले,’ असे म्हणून त्यात दुकानाचे सिमकार्ड घातले जाते. भांड्यांची उतरंड करावी तशी ही फोनांची उतरंड आहे, आणि काटकसर म्हणून तिचे कौतुकही होते. परंतु तिचा परिणाम असा की, घरातील सर्वांत जुना, मुदत संपलेला आणि छिद्रे न बुजलेला फोन सर्वांत मोठ्या जबाबदारीवर नेमला जातो. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून दुकानाचा गल्ला वस्तुतः फोनमध्येच शिरला आहे. बँकेचा गुप्त अंक त्यावर येतो, जीएसटीच्या प्रवेशद्वाराचा अंक त्यावर येतो, गिऱ्हाइकांची उधारी त्यावर असते. तिजोरीला सर्वांत गंजलेले कुलूप लावणारा व्यापारी आपल्यात सापडणार नाही. फोनच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो, आणि वर त्याला काटकसर म्हणतो.

लग्नाची पत्रिका किंवा वाहतूक-दंडाची नोटीस या मिषाने एखादी फाइल व्हॉट्सॲपवर धाडावयाची आणि ती उघडणाऱ्याच्या फोनमधील संदेश चोरावयाचे, हा प्रकार गेल्या काही वर्षांत देशभर बोकाळला आहे. नव्या फोनलाही यापासून अभय नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. फाइल न उघडणे हाच पहिला उपाय. परंतु जुन्या प्रणालीत फसव्या उपयोजनास अडविणारे अडसर कमी असतात. म्हणून सुचवावेसे वाटते की, उतरंड उलटी लावावी. ज्या फोनची मुदत सर्वांत जास्त उरली आहे तो गल्ल्यावर असावा आणि ज्याची संपली आहे तो गाणी ऐकण्यास अथवा क्रिकेट पाहण्यास असावा. त्यात बँकेचे काहीही ठेवू नये. तपासण्याची रीत सोपी आहे. अँड्रॉइड फोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये फोनविषयीच्या सदरात सुरक्षा-सुधारणेची तारीख दिलेली असते. ती वर्षभरापेक्षा जुनी असेल आणि नवी सुधारणा मागूनही येत नसेल, तर त्या फोनला दुकानातून निवृत्त करावे, मग तो दिसावयास कितीही नवा असो.

खर्चाचा विचार मासिक पडत्याने करावा, ही रीत आपल्याला नवी नाही. समजा, एक फोन १२,००० रुपयांचा आहे, त्याची मुदत दोन वर्षांची आहे आणि शेवटी तो २,००० रुपयांस जाईल. १०,००० रुपये २४ महिन्यांवर वाटले की पडता सुमारे ४१७ रुपये येतो. दुसरा फोन २४,००० रुपयांचा आहे. तो पाच वर्षे वापरला, मध्ये २,५०० रुपयांची बॅटरी बसविली आणि शेवटी तो २,५०० रुपयांस विकला, तर पडता ४०० रुपये येतो. दुप्पट किमतीचा फोन महिन्याला स्वस्त पडला. पण तोच फोन दोन वर्षांनी १२,००० रुपयांस काढून टाकला तर पडता ५०० रुपयांवर जातो. आणि ८०,००० रुपयांचा फोन दरवर्षी बदलून ५०,००० रुपये परत मिळविणारा मनुष्य, आपण चांगला सौदा केला या समाधानात, महिना २,५०० रुपये मोजीत असतो. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत.

बिनव्याजी हप्त्यांविषयी एवढेच की, व्यापाऱ्याने तरी या शब्दाला भुलू नये. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसल्याचे बँकांना बजावले होते. त्यानंतर योजनेचे रूप बदलले. व्याज बँक आकारते आणि तेवढी सूट विक्रेता किंवा कारखानदार आरंभी देतो. २४,००० रुपयांच्या फोनवर १५ टक्के दराने सहा हप्त्यांचे व्याज सुमारे १,००० रुपये होते. क्रेडिट कार्डावरील हप्त्यांत त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १८० रुपये, ग्राहक भरतो; प्रक्रिया-शुल्क निराळे; आणि रोखीने घेणाऱ्यास मिळाली असती ती सूटही बहुधा हातची जाते. रक्कम लहान आहे. घातक गोष्ट अशी की, हप्ता संपावयाच्या सुमारास दुकानदाराचा संदेश येतो आणि चालत्या फोनच्या जागी दुसरा हप्ता सुरू होतो. अमेरिकेतील दोन वर्षांचा करार आपल्याकडे या वाटेने येऊ पाहत आहे.

दुकानाच्या कामासाठी फोन घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने बिल पेढीच्या नावे आणि जीएसटी क्रमांकासह घ्यावे. मोबाइलवरील कर १ एप्रिल २०२० पासून १२ वरून १८ टक्के झाला आहे; २४,००० रुपयांच्या बिलात ३,६६१ रुपये कर असतो आणि नेहमीच्या पद्धतीने कर भरणाऱ्यास त्याची वजावट मिळते. मात्र तो फोन खरोखर दुकानात असावा, मुलाच्या दप्तरात नव्हे.

आपल्या सभासदांपैकी जे या मालाचाच व्यापार करतात त्यांच्यासाठी दोन गोष्टी. जुना फोन घेऊन नवा देण्याच्या व्यवहारात कर कशावर लावावा, यासाठी २०१७ च्या केंद्रीय जीएसटी नियमांतील २७ व्या नियमाने फोनचेच उदाहरण दिले आहे. जुना फोन घेऊन नवा २०,००० रुपयांस दिला आणि त्याची एरवीची किंमत २४,००० असेल, तर मूल्य २४,००० धरावे. वापरलेल्या मालाच्या व्यापाऱ्यास ३२ व्या नियमाखाली, खरेदीवरील वजावट घेतली नसल्यास, केवळ खरेदी-विक्रीतील फरकावर कर भरण्याची सोय आहे. हैदराबादच्या जगदीश मार्केटात किंवा इंदूरच्या जेल रोडवर ज्यांची ऊठबस आहे त्यांना हे ठाऊकच असेल.

दुसरी गोष्ट नीतीची आहे आणि धंद्याचीही. कारखानदाराचे सात किंवा सहा वर्षांचे वचन साधारणतः तो फोन प्रथम बाजारात आला त्या दिवसापासून मोजले जाते, ग्राहकाने घेतला त्या दिवसापासून नव्हे. म्हणजे चार वर्षांच्या वचनाचा फोन दोन वर्षे फळीवर पडून राहिला, तर त्याचे अर्धे आयुष्य डबा न उघडता संपलेले असते. जुना साठा भाव उतरवून काढणे हा व्यापाराचा धर्मच आहे; परंतु भाव का उतरला हे ग्राहकास सांगितले पाहिजे. जो दुकानदार बिलावर प्रथम विक्रीचे वर्ष आणि सुधारणांची शेवटची मुदत लिहून देईल, त्याच्याकडे ते कुटुंब पुन्हा येईल, असे वाटते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी हा हिशेब उलटा केला आहे. तेथे कार्यप्रणालीच्या सुधारणा त्या प्रकारच्या शेवटच्या फोनाची विक्री थांबल्यापासून निदान पाच वर्षे मिळाल्या पाहिजेत, सुटे भाग सात वर्षे मिळाले पाहिजेत आणि बॅटरीने ८०० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता राखली पाहिजे. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आहे. बंधनकारक मुदत मात्र त्याने घातलेली नाही.

वापरलेला फोन घेताना अगर विकताना *#०६# हे अंक दाबून त्याचा पंधरा अंकी क्रमांक पाहावा आणि मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर तो तपासावा. चोरीचा म्हणून रोखलेला फोन तेथे कळतो. अगदीच निकामी झालेला फोन भंगारवाल्यास देऊ नये. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा निघाला आणि त्याचा चौथा हिस्सादेखील रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेला नाही, असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २०२४ चा अहवाल आहे. कारखानदाराच्या किंवा नोंदणीकृत संकलन केंद्रात फोन द्यावा. बॅटरी फुगलेली असेल तर ती कपाटात जपून ठेवू नये आणि टोचून तर मुळीच पाहू नये. ती पेट घेते.

फोन बदलताना घाई नको. नव्या फोनमध्ये दुकानाचे सिमकार्ड घालून यूपीआय नव्याने जोडावे, दोन दिवस पैसे येतात-जातात याची खात्री करावी, व्हॉट्सॲपवरील हिशेबाची प्रत उतरवून घ्यावी. त्यानंतर जुन्या फोनमधून आपली सर्व खाती काढावीत आणि मगच तो मूळ स्थितीत आणून पुसावा. सिमकार्डाच्या खाचेत साठवणीचे एक छोटे कार्डही असते. ते आठवणीने काढून घ्यावे. पुसलेल्या फोनबरोबर पुष्कळदा तेच परक्याच्या हाती जाते.